यंत्रे विकली, माणसे उरली

मोटार कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या बातम्या वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर येतात आणि आपले बहुतेक वाचक ते पान उलटून पुढे जातात. त्यांचा दोष नाही. त्या बातम्या लिहिल्याच जातात शेअर बाजारात पैसा गुंतवणाऱ्यांसाठी. कोणी कोणाचे किती टक्के घेतले, दोन्हीकडच्या साहेबांनी हसत हसत हात कसे मिळवले, शेअरचा भाव किती वधारला, एवढ्यावर बातमी संपते. पण चाकण, तळेगाव, रांजणगाव, सातपूर, वाळूज, शेंद्रा या पट्ट्यात आपल्या वस्त्यांमधून आयटीआय करून गेलेली हजारो पोरे लाइनवर उभी आहेत. त्यांच्या भाकरीचा निकाल त्याच पानावर लागतो आणि तो लागून गेल्यावर त्यांना कळतो. म्हणून हे पान आता आपणही वाचायला शिकले पाहिजे, असे आमचे मत आहे.

तळेगावचेच घ्या. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने २००८ च्या सप्टेंबरात तळेगावला कारखाना सुरू केला. शेव्हरोले नावाच्या गाड्या तिथे बनत. वर्ष उलटायच्या आत, १ जून २००९ रोजी, मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. मग चीनच्या एसएआयसी या सरकारी कंपनीशी भारतातल्या धंद्यासाठी भागीदारी झाली. सेल आणि एन्जॉय या गाड्या त्या भागीदारीतून आल्या. गिऱ्हाइकाने त्यांना फारसे विचारले नाही. मे २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केले, की वर्षअखेर भारतात गाड्या विकणे बंद. गुजरातेतील हलोलचा कारखाना एसएआयसीकडे गेला आणि तिथे पुढे एमजी नावाच्या गाड्या निघू लागल्या. तळेगावात तेवढे निर्यातीचे काम चालू राहिले. जानेवारी २०२० मध्ये ठरले, की तळेगाव ग्रेट वॉल या दुसऱ्या चिनी कंपनीला विकायचे. जूनमध्ये महाराष्ट्र सरकारने त्या कंपनीशी सामंजस्य करार केला आणि त्याच दिवसांत गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले. शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची परवानगी लागेल, असा नियम एप्रिलमध्येच निघाला होता. ती परवानगी आली नाही. २४ डिसेंबर २०२० रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, तळेगावची लाइन थांबली. हजाराहून अधिक कायम कामगार ले-ऑफवर गेले. २०२२ च्या मध्यात ग्रेट वॉलचा सौदा मोडला. ऑगस्ट २०२३ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने खरेदीचा करार केला, जानेवारी २०२४ मध्ये ताबा घेतला आणि २०२५ च्या अखेरीस बाजारात आलेली नवी व्हेन्यू याच कारखान्यातून बाहेर पडली.

अमेरिका, चीन, पुन्हा चीन, कोरिया. एका कारखान्याभोवती तीन देशांच्या कंपन्या फिरून गेल्या. दिल्ली आणि मुंबईची सरकारे मध्ये आली. सीमेवरचा संघर्षही मध्ये आला. या सगळ्या प्रवासात कारखान्यात गाडी जोडणारा माणूस कोणत्या कागदावर आला? ह्युंदाईच्या करारात काय विकत घेतले ते स्पष्ट लिहिले होते: जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री. माणसे त्या यादीत नव्हती. कामगारांनी जुन्या कंपनीविरुद्ध औद्योगिक न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली, २०२३ च्या ऑक्टोबरात बायकापोरांसह उपोषण केले. कंपनीने नोकरी सोडण्याचे पैसे देऊ केले होते; काहींनी ते घेतले, अनेकांनी आम्हाला पैसे नकोत, नव्या मालकाकडे काम द्या, असा हेका धरला. चाळिशीच्या आसपास पोचलेल्या, घराचे हप्ते भरणाऱ्या माणसाला हेका धरण्यावाचून दुसरे होते तरी काय?

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल, कारण सगळी मेख तिथे आहे. कंपनी विकण्याचे मुख्यतः दोन मार्ग असतात. एक, शेअर विकणे. दोन, मालमत्ता विकणे. भाडेकरूंसकट चाळ विकली, तर नव्या मालकाला भाडेकरूही घ्यावे लागतात. चाळ आधी रिकामी करून विकली, तर नव्या मालकाला मोकळ्या भिंती मिळतात. शेअर विकले जातात तेव्हा कंपनी तीच राहते, तिच्यावरचा धनी बदलतो. कामगाराच्या नेमणूकपत्रावरची मालक कंपनी तीच असल्याने नोकरी चालू राहते. २०२५ मध्ये चेन्नईजवळच्या ओरगडम येथील कारखान्यातला निस्सानचा ५१ टक्के वाटा रेनोने विकत घेतला, तो असा. मालमत्ता विकली जाते तेव्हा मात्र यंत्रे एका दाराने नव्या मालकाकडे जातात आणि कामगार दुसऱ्या दाराने घरी. बातमीत दोन्हीला एकच शब्द, 'अधिग्रहण'. वाचणाऱ्याला फरक कळत नाही. तो कळू नये असेच बातमी देणाऱ्याला वाटत असावे, इतकी ती गुळगुळीत लिहिलेली असते.

कायदा काय म्हणतो? याचा इतिहास आपल्या सोलापूर जिल्ह्यातून जातो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनीची छोटी रेल्वे होती. १ जानेवारी १९५४ पासून ती सरकारने ताब्यात घेतली. कंपनीने कामगारांना नोटिसा दिल्या. कामगारांनी कपातीची नुकसानभरपाई मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २७ नोव्हेंबर १९५६ रोजी निकाल लागला, की चालू धंद्यातून माणसे कमी करणे म्हणजे कपात. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर ती कपात नव्हे, आणि म्हणून भरपाईही नाही. देशभर ओरड झाली. १९५७ साली सरकारला औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती करावी लागली आणि ती या निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून लागू केली गेली. तेव्हापासून २५ एफएफ या कलमाने असे ठरले, की कारखान्याची मालकी बदलली तर वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला कपातीइतकी भरपाई द्यायची. नव्या मालकाने नोकरीत खंड न पाडता, आधीपेक्षा वाईट नसलेल्या अटींवर आणि जुनी सेवा धरून कामावर घेतले, तरच ती द्यायची नाही.

वाचायला बरे वाटते. पण १९६२ साली अनकापल्लीच्या साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावला: कामगाराचा हक्क भरपाईपुरता आहे, नव्या मालकाकडे नोकरीचा हक्क त्यातून निघत नाही. आणि भरपाई किती? दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. तळेगावात पहिल्या दिवसापासून राबलेल्या माणसाची लाइन थांबेपर्यंत १२ वर्षे भरली. १२ गुणिले १५ म्हणजे १८० दिवस. बारा वर्षांच्या घामाला सहा महिन्यांचा पगार! कंपन्या याहून जास्त देऊ करतात, ती त्यांची मेहेरबानी म्हणून. कायद्याने त्यांच्यावर बंधन एवढेच. आमचे म्हणणे असे, की ज्या कायद्यात मालकी बदलल्यावर यंत्राचे मोल तज्ज्ञ लावतात आणि माणसाचे मोल पंधरवड्याच्या पाढ्याने लावले जाते, तो कायदा यंत्राच्या बाजूने लिहिलेला आहे.

यावर कोणी म्हणेल, जगात असेच चालते. नाही चालत. ज्या २०१७ साली जनरल मोटर्सने भारतातून गाशा गुंडाळला, त्याच साली तिने युरोपातूनही गुंडाळला. जर्मनीतील ओपेल ही तिची जुनी कंपनी तिने फ्रान्सच्या पीएसए, म्हणजे प्यूजो-सिट्रोएन समूहाला विकली. तेव्हा ओपेलच्या कामगारांच्या पेन्शनचे ओझे कोणी उचलायचे हा सौद्यातला मोठा प्रश्न होता. जनरल मोटर्सने त्या पेन्शनपोटी खरेदीदाराला सुमारे ३ अब्ज युरो दिले. विकणाऱ्याने घेणाऱ्याला पैसे दिले, ध्यानात घ्या! कामगार संघटनेशी झालेले करार पाळण्याचे वचन नव्या मालकाला द्यावे लागले. ओपेलचे कामगार पुढे सुखात राहिले असे नाही. हजारोंना ऐच्छिक निवृत्तीने घरी जावे लागले. पण ते सौद्याच्या टेबलावर होते. तिथे १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या असतात. बरोबरी झाली तर अध्यक्षाला जादा मत आहे, तेवढी मालकाची सोय तिथेही आहेच. तरीही विक्रीचा कागद कामगारांच्या प्रतिनिधीसमोरून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. कंपनी एक, साल एक. जर्मनीत पेन्शनचा हिशोब आणि तळेगावात ले-ऑफची नोटीस.

आपल्याच टाटांनी २००८ मध्ये इंग्लंडची जग्वार लँड रोव्हर फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरला घेतली, तेव्हाही फोर्डने त्यातले सुमारे ६० कोटी डॉलर कामगारांच्या पेन्शन फंडात भरले. म्हणजे भारतीय भांडवलदारालाही हे व्यवहार कसे करायचे ते चांगले ठाऊक आहे.

लांब कशाला, साणंदला जाऊ. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले गाड्या बनवणे थांबवण्याची घोषणा केली. साणंदचा कारखाना टाटांच्या कारखान्याला लागूनच. ३० मे २०२२ रोजी टाटांची विजेच्या गाड्यांची कंपनी, फोर्ड आणि गुजरात सरकार यांच्यात सामंजस्य करार झाला आणि ऑगस्टमध्ये ७२५ कोटी ७० लाख रुपयांना विक्री ठरली. त्या करारात जमीन होती, इमारती होत्या, यंत्रे होती आणि वाहन कारखान्यातील सर्व पात्र कर्मचाऱ्यांचे हस्तांतरही होते. तेच फोर्ड चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरातून गेले तेव्हा कामगारांना भरपाईसाठी आंदोलन करावे लागले, हेही सांगितले पाहिजे. साणंद आणि तळेगाव यांत फरक होता, तो आम्ही लपवत नाही. साणंदचे कामगार सौद्याच्या वेळी कंपनीच्या पटावर होते. तळेगावची लाइन अडीच वर्षे बंद होती आणि कोर्टकचेरी चालू होती. पण तळेगावची लाइन बंद पडण्याआधी, जानेवारी २०२० पासून डिसेंबरपर्यंत, कामगार कामावर होतेच ना? तेव्हा सामंजस्य करार करायला महाराष्ट्र सरकार बसले होते. त्या कागदात गुंतवणुकीचे आकडे मोठ्या हौसेने सांगितले गेले. माणसांचे कलम त्यात आधी घालून घेतले असते तर ह्युंदाईशी बोलताना निदान बोट दाखवायला एक ओळ असती.

कोरियाचे नाव निघाले म्हणून सांगतो. तिथे सँगयाँग नावाची मोटार कंपनी होती. २००४ मध्ये ती एसएआयसीनेच घेतली होती आणि २००९ मध्ये वाऱ्यावर सोडली. २,६४६ जणांना काढायचे ठरले, तेव्हा कामगारांनी प्योंगटेकचा कारखाना ७७ दिवस ताब्यात ठेवला. पोलिसांनी तो मोडून काढला. २०११ मध्ये ती कंपनी आपल्या मुंबईच्या महिंद्राकडे आली. काढलेले कामगार वर्षानुवर्षे भांडत राहिले. जुलै २०१८ मध्ये कोरियाचे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन भारतात आले असता त्यांनी महिंद्राच्या अध्यक्षांपाशी या कामगारांचा विषय काढला आणि त्याच सप्टेंबरात उरलेल्या ११९ जणांना परत घेण्याचा करार झाला. महिंद्राने पुढे २०२० मध्ये तिथे पैसा ओतणे थांबवले, कंपनी पुन्हा दिवाळखोरीत गेली, तो वेगळा अध्याय. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे, की एका देशाचा राष्ट्रप्रमुख ११९ कामगारांसाठी परदेशी उद्योगपतीशी बोलतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे दावोसला जाऊन हजारो कोटींच्या करारांवर सह्या होतात. सह्या करणाऱ्यांच्या खिशात कामगारांची एखादी यादी असते काय?

आता या कंपन्या एकमेकींत मिसळतात तरी का, ते पाहू. एक नवी गाडी कागदापासून रस्त्यापर्यंत आणायची तर हजारो कोटी लागतात. इंजिन, गिअर, खालचा सांगाडा (कारखान्यात ज्याला प्लॅटफॉर्म म्हणतात) यांचा खर्च जितक्या जास्त गाड्यांवर वाटला जाईल तितका नफा. म्हणून दोन कंपन्या एक सांगाडा वापरतात आणि वर नाव वेगळे लावतात. सुझुकीची बलेनो २०१९ पासून टोयोटाच्या दुकानात ग्लान्झा म्हणून विकली जाऊ लागली. २००७ मध्ये नाशिकला महिंद्रा आणि रेनो यांच्या भागीदारीतून लोगन निघाली. २०१० मध्ये भागीदारी तुटली, तीच गाडी व्हेरिटो झाली. गिऱ्हाइकाला बिल्ला दिसतो, लाइनवरच्या कामगाराला नट-बोल्ट तेच दिसतात. त्यात आता विजेच्या गाड्यांचा आणि चिनी कंपन्यांच्या स्वस्ताईचा धाक आला आहे. पण सांगाडा एक झाला की इंजिनाचे दोन कारखाने कशाला, पत्रा दाबण्याची दोन शॉप कशाला, हा पुढचा प्रश्न येतोच. विलीनीकरणाच्या घोषणेत 'बचत' हा शब्द ज्या ओळीत येतो, त्या ओळीत कोणाची तरी नोकरी दडलेली असते.

मार्च १९९९ मध्ये रेनोने निस्सानचे ३६.८ टक्के घेतले. ऑक्टोबरात सुधारणेचा आराखडा आला: २१,००० नोकऱ्या कमी, पाच कारखाने बंद. कार्लोस घोन हे साहेब जगभर खर्चकपातीचे जादूगार म्हणून गाजले. पुढे २०१८ मध्ये टोकियोत त्यांना आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपाखाली अटक झाली आणि २०१९ च्या अखेरीस ते लेबनॉनला पळाले. २३ डिसेंबर २०२४ रोजी होंडा आणि निस्सान एकत्र येण्याची बोलणी जाहीर झाली. होंडाने निस्सानला आपली उपकंपनी करण्याचा प्रस्ताव ठेवला आणि १३ फेब्रुवारी २०२५ रोजी बोलणी मोडली. मे महिन्यात निस्सानने २०,००० नोकऱ्या कमी करण्याचे आणि १७ कारखान्यांचे १० करण्याचे ठरवले. जुळले तेव्हा २१,०००, मोडले तेव्हा २०,०००. वरातीत नाचायलाही कामगार नाही आणि लग्न मोडल्याचा दंड मात्र त्याला.

आणि ही लग्ने बरोबरीची असतात, यावरही कोणी विश्वास ठेवू नये. १९९८ मध्ये जर्मनीची डाइमलर आणि अमेरिकेची क्रायस्लर यांचे विलीनीकरण 'समानांचे' म्हणून ३६ अब्ज डॉलरच्या बाताबातीत पार पडले. दोनच वर्षांत डाइमलरच्या प्रमुखांनी मुलाखतीत कबूल केले, की क्रायस्लरला एक विभाग म्हणूनच ठेवायचे पहिल्यापासून मनात होते. २००७ मध्ये तिचे ८०.१ टक्के सर्बेरस नावाच्या गुंतवणूक कंपनीच्या गळ्यात बांधले, २००९ मध्ये क्रायस्लर दिवाळखोरीत गेली, फियाटने ती उचलली. समानता हा शब्द कोण, कोणाला आणि कशासाठी देतो, हे तपासून घेण्याची सवय आमच्या वाचकांना आहे.

क्रायस्लर आणि फियाट म्हटले की आम्हाला कुर्ला आठवते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या, मग फियाट आणली, जी पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून शेवटपर्यंत धावली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. उदारीकरणाच्या लाटेत प्रीमियरने १९९४ मध्ये प्यूजोशी भागीदारी करून कल्याणला कारखाना चालवला. १९९७ मध्ये प्यूजो निघून गेली. कुर्ल्यात फियाटशी नवी भागीदारी झाली, तीही टिकली नाही. फियाट टाटांचा हात धरून रांजणगावला गेली. गंमत पुढेच आहे. जानेवारी २०२१ मध्ये फियाट-क्रायस्लर आणि प्यूजो-सिट्रोएन एकत्र येऊन स्टेलांटिस ही १४ नावांची प्रचंड कंपनी झाली. म्हणजे क्रायस्लर, फियाट आणि प्यूजो, ज्या तीन परदेशी कंपन्यांच्या गाड्या प्रीमियरच्या कामगारांनी जोडल्या, त्या तिन्ही आज एका घरात नांदतात. प्रीमियरचा कामगार मात्र कोणत्याच घरात नाही. कुर्ल्याच्या त्या मोलाच्या जमिनीला गिऱ्हाइके मिळाली. कारखान्याच्या नावाने ओळखले जाणारे थांबे, उपाहारगृहे, कामगारांच्या चाळी, त्यांत वाढलेल्या आपल्या शाखा आणि वाचनालये यांचा हिशोब कोणत्याही ताळेबंदात नसतो.

आतापर्यंत आम्ही पटावरच्या कायम कामगारांचे बोललो. खरे तर तो आजच्या कारखान्यात अल्पसंख्य होत चालला आहे. त्याच्या शेजारी तोच बोल्ट आवळणारा कंत्राटी आहे, ट्रेनी आहे, मधल्या काळात 'नीम' योजनेखाली शिकाऊ म्हणून भरलेला पोरगा होता, आता ठरावीक मुदतीचा कामगार आहे. कंपनी विकली गेली की यांना नोटीससुद्धा लागत नाही. गेटपासचे नूतनीकरण होत नाही, इतकेच. आपली मुले यांतच जास्त, कारण कायम नोकरीच्या रांगेत ओळखीपाळखी लागतात आणि त्या आपल्याकडे नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने यावर शिक्का मारला आहे. पूर्वी १०० कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागे. आता तो आकडा ३०० झाला. ठरावीक मुदत संपल्यामुळे काम गेले तर ती कपात मानायची नाही, असेही त्यात आहे. कपात झालेल्याला पुन्हा कौशल्य शिकवण्यासाठी मालकाने १५ दिवसांचा पगार एका निधीत भरायचा, ही त्यावरची फुंकर.

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. ते असावे ही चळवळीची मागणी जुनी आहे आणि उद्योगपतींनी २००६-०७ च्या सुमारास तिच्या जागी स्वेच्छेची आचारसंहिता पुढे केली. त्या संहितेचे गुणदोष इथे काढत नाही. पण एक प्रश्न आहे: ज्या कंपनीने स्वेच्छेने चार मागासवर्गीय मुले घेतली, ती कंपनी विकली गेली तर ती स्वेच्छा कोणाच्या नावावर चढते? यंत्राबरोबर त्याची माहितीपुस्तिका जाते. स्वेच्छा विकणाऱ्याबरोबर विमानाने निघून जाते.

बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि पहिल्याच महिन्यात, ७ ऑगस्ट १९४२ रोजी, दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक आणि कामगार यांची संयुक्त परिषद भरली. तिन्ही पक्षांनी एका टेबलाशी बसायचे, ही पद्धत तिथे पक्की झाली. तिच्यातूनच भारतीय श्रम परिषद उभी राहिली. ती जुलै २०१५ मध्ये भरली आणि नंतरच्या दहा वर्षांत एकदाही भरली नाही. विलीनीकरणाच्या टेबलाशी आज दोन खुर्च्या असतात, विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. तिसरी कधी कधी सरकारची असते, ती पाहुण्यासारखी. कामगाराची खुर्ची नाही. जी त्रिपक्षीय रीत बाबासाहेबांनी युद्धाच्या धामधुमीत बसवली, ती शांततेच्या काळात मोडीत निघाली, आणि त्यांच्या पुतळ्यांना हार घालणाऱ्या सर्व रंगांच्या सरकारांच्या काळात निघाली.

सरकार म्हणेल, खासगी सौद्यात आम्ही काय करणार? हे खोटे आहे. तळेगाव, चाकण, रांजणगाव, शेंद्रा इथल्या बहुतेक मोठ्या कारखान्यांची जमीन कंपनीच्या मालकीची नसते. ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची असते आणि ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते. ती जमीन आपल्या शेतकऱ्यांकडून सार्वजनिक हितासाठी म्हणून घेतलेली असते. भूखंड दुसऱ्या कंपनीच्या नावे करायचा तर एमआयडीसीची लेखी संमती लागते आणि हस्तांतर शुल्क भरावे लागते. म्हणजे मालमत्ता विकण्याच्या प्रत्येक सौद्यात सरकार जमीनमालक म्हणून सही करते. शुल्काचा शेवटचा रुपया वसूल करणारे महामंडळ त्याच संमतीपत्रात दोन ओळी का लिहू शकत नाही? एक: पटावरील कामगारांना जुनी सेवा धरून सामावून घ्यावे. दोन: वर्षभराहून जास्त काम केलेल्या कंत्राटी कामगारांना नव्या भरतीत पहिला हक्क द्यावा. यासाठी संसदेत जायला नको, नवा कायदा नको. मंत्रालयातल्या एका परिपत्रकाचे काम आहे. उद्योगांना सवलती देताना ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना, अशी अट हे सरकार घालतेच. जो स्थानिक बारा वर्षे तिथेच काम करत होता, तो मालक बदलल्याने परका होतो काय?

आमच्या कामगार कार्यकर्त्यांनाही दोन शब्द. सौदा जाहीर झाल्यावर गेटवर सभा घेण्यात उशीर झालेला असतो. बोलणी सुरू असल्याची कुजबुज अर्थविषयक पानावर सहा-आठ महिने आधी येते. वेतनकरार करताना पगारवाढीच्या आकड्यासाठी रात्र रात्र जागतो, पण मालकी बदलली तर काय, हे कलम किती करारांत आहे? पुढच्या करारात ते घालून घ्या, मग मालमत्ता विको की शेअर. कायम कामगारांच्या संघटनांनी कंत्राटी पोराला सभासद करून घेण्यात जी नाके मुरडली, ती आता सरळ करावीत. ३०० च्या आकड्याखाली आणलेल्या कारखान्यात त्यांचे संख्याबळही उरणार नाही.

आणि ज्या कारखान्यात काम करता तो भूखंड कोणाच्या नावे आहे, भाडेपट्ट्याची मुदत किती उरली, त्यातल्या अटी काय आहेत, हस्तांतराचा अर्ज आला आहे काय, हे आजच पाहून ठेवा. एमआयडीसी ही सार्वजनिक संस्था आहे. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो. त्याला दहा रुपये लागतात.